लान्स नायकाचे अकरा दिवस

१

लान्स नायक वीरधवल फडतरे याची रजा चौदा फेब्रुवारीला संपली आणि तो पलटणीत हजर झाला पंचवीसला. घरातून तो बारालाच निघाला होता. खुद्द बापानं त्याला गाडीत बसवून दिलं होतं. मधले अकरा दिवस कुठं गेले, हे कुणालाच सांगता येईना. ज्याला सांगता येत होतं तो तोंड उघडायला तयार नव्हता.

रहिमतपूरच्या बाजारपेठेत भाऊसो भोइट्यांचं छोटंसं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'माजी सैनिकांची सर्व कामे'. पेन्शनीचे अर्ज, हयातीचे दाखले, विधवांची कागदपत्रं, सगळं तिथं व्हायचं. भाऊसोंनी चोवीस वर्षं पलटणीच्या ऑफिसात क्लार्की केली होती आणि हवालदार म्हणून ते निवृत्त झाले होते. आसपासच्या वाड्यांतला कुणी फौजी अडला की त्याचे पाय आपोआप या दुकानाकडं वळायचे.

गुरुवारी सकाळी जोतिबा फडतरे आले ते बसायच्या आधीच म्हणाले, "भाऊसो, दार वढून घे जरा."

जोतिबा आणि भाऊसो एकाच पलटणीतले. जोतिबा सतरा वर्षं नोकरी करून नायक म्हणून घरी आले होते आणि आता ऊस बघत होते. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला भाऊसोंनी पाहिला नव्हता.

"पोरगं अकरा दिस उशिरा हजर झालंय," जोतिबा म्हणाले.

"म्हणजे हितनं उशिरा निघालं असंल."

"तेच तर म्हंतोय. बाराला सकाळी मी सवता त्याला टेसनावर पुण्याच्या गाडीत बसवला. गाडी हालंपतुर उभा हुतो. चौदाला त्याचा मेसेज आला, पोचलो म्हनून. आन काल सांजच्याला सुभेदारसाहेबांचा फोन. तुमचा मुलगा आज आलाय, घरी काय अडचन हुती का म्हनून इच्यारत हुते. मी काय सांगू, गड्या? सतरा वर्सांत मी तासभर सुदिक उशीर केला न्हाई."

भाऊसोंनी तिथल्या तिथं सुभेदारांना फोन लावला. सुभेदार बिरदेव जत तालुक्यातले. ते नवे भरती झाले तेव्हा त्यांच्या पहिल्या रजेचा कागद भाऊसोंनीच टाईप केला होता, त्यामुळं ओळख जुनी होती.

"काका, माझं तर डोकंच चालंना," बिरदेव म्हणाले. "पोरगं एक नंबर. नायकाच्या कोर्सला पैला आला. पलटणीच्या सी.ओ. साहेबांचा जीव हाय त्याच्यावर. साहेब म्हनाले, खरं कारण असलं तर मी बघतो, पन कारण पायजे. आन हा पठ्ठ्या काय म्हनतो? चूक झाली साहेब, सजा द्या. बस. सोमवारी साहेबांपुढं पेशी हाय. कारण न्हाई मिळालं तर नोकरीच्या कागदावर लाल शाईची नोंद, आन दंडावरची फीत जाणार."

भाऊसो बुचकळ्यात पडले. रजेवरून उशिरा येणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. प्रत्येकाकडं गोष्ट तयार असायची. कुणाची गाडी चुकायची, कुणाचा बैल मरायचा, एकाची तर आजी दोन वर्षांत तीनदा वारली होती. पण उशिरा येऊन कारणच न सांगणारा, उलट शिक्षा मागून घेणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"आनि एक, काका," बिरदेवांचा आवाज खाली आला. "मी घरी फोन करतो म्हटल्यावर तो माझे पाय धरायला निघाला. म्हनाला, घरी कळवू नका. बायकोला तर अजिबात न्हाई."

२

दुपारी भाऊसो जोतिबांच्या घरी गेले. वीरधवलची आई राहीबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्याच शेजारी पाटावर बसून भाऊसोंनी विचारलं, "वहिनी, या रजेत पोराचं काही बदललेलं वाटलं का?"

"न्हाई वो. व्हता तसाच. रोज सांजच्याला हितंच यायचा, तुमी बसलाय तितंच बसायचा भितीला टेकून. तासतासभर बोलायचा. पलटनीतल्या गमती सांगायचा. माझं काय न्हाई त्ये समदं ऐकायचा." मग सुनेच्या खोलीकडं बघत त्या हळूच म्हणाल्या, "आता तिच्यासंगं काय बिनसलं आसंल तर मला ठावं न्हाई. पोरगी तोंड पाडून बसायची."

भाऊसो बसल्या जागेवरून बघत राहिले. डाव्या हाताला चूल, चुलीपुढं राहीबाई, उजव्या हाताला कोरी भिंत. विशेष असं काहीच नव्हतं.

जोतिबांचं म्हणणं निराळंच. "माझ्यासंगं त्यो तुटक वागला बग. मोटारसायकलीवर त्यो म्होरं, मी मागं. मळ्यापतुर मी बोलतोय आन ह्यो गप. एकदा तर मी थांब म्हटलं तरी दोन शेतं फुडं घेऊन गेला. मी म्हटलं, आता ल्येक मोठा झाला."

वीरधवलची बायको प्रियदर्शनी फलटणकडची. बी.कॉम. झालेली, शांत मुलगी. तिनं पदर सारखा करत खाली बघून सांगितलं, "काका, जो माणूस मागच्या रजेला आला होता तो हा नव्हताच. मी बोलायचे, हे भलतीकडंच बघायचे. दोनदा हाक मारली तरी वळायचे न्हाईत. सुट्टीवर यायच्या आधीपासूनच म्हणत होते, फोन नको, मेसेज करत जा. आणि चुलीपाशी आत्यांजवळ जाऊन बसले की तासन्‌तास गप्पा. त्यांच्याशी हसायचं, माझ्याशी न्हाई. मग मी काय समजायचं?"

भाऊसोंनी वहीत दोन रकाने केले होते. एकात आईचा मुलगा, दुसऱ्यात बायकोचा नवरा. दोन्ही रकाने वाचून एक माणूस काही उभा राहीना. आईला वाटत होतं सून कुरकुरते, सुनेला वाटत होतं सासू कान भरते, आणि बाप म्हणत होता पोरगं शिष्ट झालं. तिघंही खोटं बोलत नव्हते, एवढं मात्र भाऊसोंना त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

ते निघाले तशी प्रियदर्शनी मागोमाग फाटकापर्यंत आली. घराकडं एकदा वळून बघितलं आणि म्हणाली, "काका, ते कुठं गेले ते मला ठाऊक न्हाई. पण का गेले ते ठाऊक हाय. माझ्यामुळं गेले."

३

तिनं सांगितलं ते असं.

नऊ फेब्रुवारीला ती नवऱ्याबरोबर कोरेगावला गेली होती. तो बँकेच्या कामाला गेला आणि ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडं. परत येताना एस.टी.त तो डाव्या खिडकीशी बसला, ती शेजारी. गाडी खिळखिळी, खडखडाट चाललेला. तिला घरापर्यंत दम निघेना. तिनं त्याच्या कानाशी लागून सांगितलं की आपल्याला बाळ होणार आहे.

"आणि तो?"

"हं म्हणाले. मान हलवली. आणि परत खिडकीतनं बाहेर बघायला लागले." ती फाटकाची कडी मागंपुढं सरकवत राहिली. "मला रडू आलं. ते बघून यांचा चेहरा कसानुसा झाला, पण एका शब्दानं विचारलं न्हाई. तीन दिवसांनी निघून गेले. अजून घरात कुणाला सांगितलेलं न्हाई मी. त्यांनाच नको असलं तर कुणाला काय सांगायचं?"

भाऊसो दुकानात परत आले ते डोकं धरूनच बसले. बायकोला दिवस गेले म्हणून माणूस पळाला, असं धरलं तर पळून जायला पलटणीसारखी जागा नव्हती. वेळेवर हजर झाला असता तर कुणी काही विचारलंही नसतं. बरं, दुसरी कुणी बाई म्हणावी तर आईजवळ इतका मोकळा कसा? आणि बापाशी तुटक का? जे उत्तर धरावं त्यातून दोन नवे प्रश्न निघत होते.

शुक्रवारी त्यांनी बिरदेवांना पुन्हा फोन केला. "साहेब, तो आला तेव्हा कसा होता? सामान काय होतं? अगदी बारीकसारीक सांगा."

"काय न्हाई वो. पाठीवर एक पिठ्ठू, हातात एक पिशवी. दमलेला व्हता. मला एक भडंगाचं पाकीट दिलं. लय दिसांनी आपल्याकडची चव मिळाली बघा, म्हनून मी जास्त ओरडलो पन न्हाई."

भाऊसो सरळ बसले. "पाकीट टाकलंत का साहेब?"

"अजून हाय अर्धं."

"त्याचा फोटो पाठवा. मागची बाजू."

पाच मिनिटांत फोटो आला. दुकान कुपवाडचं होतं. आणि खाली शिक्का होता: वीस फेब्रुवारी.

बाराला पुण्याच्या गाडीत बसलेला माणूस वीसनंतर उलट्या दिशेला, सांगलीच्या बाजूला होता. भाऊसोंनी जोतिबांना बोलावून घेतलं. "कुपवाडला तुमचं कोण हाय?"

"कोन न्हाई. त्याचा शाळंतला दोस्त अवधूत हाय, त्याचं वर्कशॉप हाय तितं. पन त्येच्याकडं त्यो जायाचा न्हाई."

"का?"

"तोंडं बगत न्हाईत एकमेकांची. ह्याच रजेत गावच्या यात्रंत अवधूतनं त्याला समद्यांदेखत तीनदा हाक मारली आन आमचं येडं मान वर करून निगून गेलं. अवधूत म्हनला, फौजेत जाऊन माज आला व्हय? पुन्हा उंबऱ्याला पाय लावनार न्हाई. समद्या गावानं ऐकलंय त्ये."

४

शनिवारी भाऊसो सांगलीला उतरले आणि रिक्षानं कुपवाडला गेले. कारखान्यांत पाळी बदलायची वेळ होती. हँडलला डबे अडकवलेल्या दुचाक्यांची रांग फाटकातून बाहेर पडत होती. विचारत विचारत ते अवधूतच्या शेडपाशी पोचले. दोन लेथ मशीन, एक ग्राइंडर, आणि जमिनीवर लोखंडाचा कीस.

अवधूतनं त्यांना ओळखलं. स्टूल पुढं केलं. पण वीरधवलचं नाव निघताच त्याचा चेहरा बंद झाला.

"माझा त्याचा काय संबंध न्हाई, काका. यात्रेपासनं मी त्याचं तोंड बघितलेलं न्हाई."

"तो कामावर उशिरा हजर झालाय. पेशी हाय त्याची."

"असंल. आमाला काय त्याचं." अवधूत उठला, ग्राइंडरवरच्या माणसाला काहीतरी खूण केली. ठिणग्या उडायला लागल्या आणि शेडभर कर्कश आवाज भरला. त्या आवाजातच अवधूत भाऊसोंकडं वळून काहीतरी बोलला. भाऊसोंना एक अक्षर कळलं नाही. पुन्हा विचारावं तर बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी हसून मान डोलावली, "हो, हो."

थोड्या वेळानं ग्राइंडर थांबला. अवधूत हात पुसत परत आला. "आणि काका, अकरा दिवस म्हणजे असा काय मोठा गुन्हा झाला? माणसाला फासावर देतात का?"

भाऊसो त्याच्याकडं बघतच राहिले. "मी तर नुसतं उशिरा म्हणालो. अकरा तुला कुणी सांगितले?"

बराच वेळ तो फडक्यानं स्वच्छ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "इथं होता. पण का होता ते मी सांगणार न्हाई. त्याला शब्द दिलाय. एवढंच सांगतो, बाईबिईची भानगड न्हाई. घरच्यांनी तसलं काय मनात आणू नये."

"सोमवारी त्याची फीत उतरवतील, अवधूत."

"त्याला ठाऊक हाय. त्यानंच निवडलंय ते."

इतक्यात चहा आला. भाऊसोंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहात साखरेचा कण नव्हता.

"का वो?" अवधूत म्हणाला. "मघाशी मी विचारलं की बिनसाखरेचा चालतो का. तुमीच हो म्हणालात."

भाऊसो पेला हातात धरून तसेच बसून राहिले. अवधूतला वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटत नाही. त्यानं पाणी आणायला सांगितलं. पण भाऊसोंच्या डोळ्यांपुढं कुपवाडची शेड नव्हती. कोरेगावहून येणारी खिळखिळी एस.टी. होती.

"मशीन सगळी बंद करायला सांग," ते हळूच म्हणाले. "मला तुला एकच गोष्ट विचारायची हाय."

५

शेड शांत झाली.

"यात्रेत तू त्याला हाक मारलीस, तेव्हा तू त्याच्या कुठल्या अंगाला होतास?"

"मागं. उजवीकडं. पाळण्यांचा गलका होता."

"मग ऐक." भाऊसोंनी पेला खाली ठेवला. "मला मघाशी ऐकू आलं नाही. पण तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी मान हलवली. माणूस तेच करतो. वीरधवल आईशी तासतास बोलायचा, कारण तिथं बसलं की आई त्याच्या डाव्या हाताला येते, आणि घरात शांत असतं. मोटारसायकलीवर बाप मागं बसायचा, वाऱ्यात एका कानाला मागचं किती कळणार? बायकोला म्हणायचा, फोन नको, मेसेज कर. एस.टी.त तो डाव्या खिडकीशी बसला म्हणजे ती बसली उजवीकडं. तिनं कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली, मी हलवली तशी. सगळ्यांना वाटलं तो बदलला. तो बदलला नव्हता, अवधूत. त्याचा उजवा कान गेलाय."

अवधूत लेथच्या कठड्यावर बसला.

"मी सांगितलेलं न्हाई हां काका," तो म्हणाला. "तुमीच ओळखलंत."

मग त्यानं सगळं सांगितलं. जानेवारीच्या सुरुवातीला पलटणीचा फायरिंग रेंजवर सराव होता. पुढचा हुकूम ऐकू यावा म्हणून वीरधवलनं क्षणभर कानातला बोळा काढला, आणि तेवढ्यात शेजारी रॉकेट लाँचरचा बार उडाला. नायकाच्या कोर्सचा निकाल लागून बढती तोंडावर आली होती. कान दाखवला तर मेडिकल बोर्ड होईल, श्रेणी खाली जाईल, म्हणून तो बोलला नाही. आज बरं होईल, उद्या बरं होईल, म्हणत रजेवर आला.

"बाराला संध्याकाळी इथं दारात उभा," अवधूत म्हणाला. "साताऱ्याला गाडीतनं उतरून एस.टी.नं आलेला. मी तर हाकलूनच देणार होतो. तर म्हणाला, अवध्या, यात्रेत तू हाक मारलीस का? मला खरंच ऐकू आलं न्हाई रं. मग मी काय करणार? सांगलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, महिना गेलाय, आशा थोडी. कानाच्या पडद्यातनं चार इंजेक्शनं, तीन-तीन दिवसांनी. तेरा, सोळा, एकोणीस, बावीस. तेवीसला मिरजेत गाडीत बसवला मी."

"रजा वाढवून मागायची होती."

"मागितली असती तर कारण लिहायला लागलं असतं ना? म्हणाला, उशिराची सजा खाईन, पण कान कागदावर येऊ द्यायचा न्हाई." अवधूतनं हातातलं फडकं बाजूला टाकलं. "पण इथं तो बढतीसाठी आला नव्हता, काका. त्या एस.टी.साठी आला होता. म्हणाला, तिनं काहीतरी सांगितलं, मी हं म्हणालो, आणि ती रडायला लागली. मी कशाला हं म्हणालो तेच मला ठाऊक न्हाई. विचारायला गेलो तर सगळंच उघडं पडतंय. रोज जेवताना एकच विषय. काय सांगितलं असंल रं तिनं?"

६

परतीच्या गाडीत भाऊसोंना हलकं वाटायला हवं होतं. कोडं सुटलं होतं. पण मनात गोंधळ होता तो होताच. कान सांगितला तर पोराची नोकरी अर्धी जाणार. न सांगितला तर फीत जाणार, पण नोकरी राहणार. त्याचा तो निवडून मोकळा झाला होता. मग आपण कोण?

'पुरेशा कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त काळ गैरहजर.' चोवीस वर्षांत ही ओळ त्यांनी किती कागदांवर टाईप केली होती, त्याची गणती नव्हती. एकदाही खुर्चीतून उठून समोरच्याला विचारलं नव्हतं की बाबा, खरं काय झालं.

रविवारी बिरदेवांनी वीरधवलला फोनवर आणलं.

"कुठल्या कानाला लावलायस फोन?" भाऊसोंनी विचारलं.

पलीकडून वीरधवल म्हणाला, "डाव्या."

"अवधूतनं सांगितलं न्हाई. मी ओळखलं."

"काका, पाया पडतो. सांगू नका. उशिराची सजा मी सोसतो. आबांना काय वाटंल? मला आता सेक्शन मिळायचंय, दहा माणसं माझ्या हाताखाली येणार."

"तेच म्हणतोय मी," भाऊसो म्हणाले, आणि त्यांचा आवाज नको तितका कडक झाला. "दहा माणसं. पहाऱ्यावर तुझ्या उजव्या हाताला उभा असलेला जवान धोका म्हणून ओरडंल, आणि तू मान हलवशील. उशीर केलास तो तुझा गुन्हा, त्याची सजा तू खाशील. ह्याची सजा दुसरा कुणीतरी खाईल, वीरधवल. अशांच्या घरी जाणारे कागद मी टाईप केलेत. तसले कागद कसे असतात ते मला विचार."

भाऊसोंना वाटलं फोन कट झाला. मग पलीकडून बारीक आवाज आला.

"काका, तुमी घरी जाऊन आलाय. तिनं मला त्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"ते मला ठाऊक हाय. पण सांगायचा हक्क माझा न्हाई."

"वाईट हाय?"

"तिच्याकडनं ऐक. आणि उद्याचं काय? साहेबांना तू सांगतोस का मी बिरदेवसाहेबांना सांगू?"

"मीच सांगतो," वीरधवल म्हणाला.

७

सोमवारी संध्याकाळी बिरदेवांचा फोन आला, तेव्हा जोतिबा, राहीबाई आणि प्रियदर्शनी, तिघंही भाऊसोंच्या दुकानात बसून होती. कानाचं त्यांना सकाळीच कळलं होतं. बिरदेव म्हणाले की सी.ओ. साहेबांनी पाऊण तास ऐकून घेतलं. सांगलीच्या डॉक्टरांचे कागद मागवून घेतले. उशिराला कारण होतं हे मानलं, आणि ते अकरा दिवस या वर्षाच्या रजेतून कापले. फीत राहिली. पण जखम लपवली, त्याबद्दल कडक ताकीद कागदावर आली. रेंजवरच्या अपघाताचा अहवाल आता होणार होता, म्हणजे कान नोकरीत गेला हे सरकारदरबारी लागणार होतं. सेक्शन मात्र मिळणार नव्हतं. बोर्ड होईपर्यंत स्टोअरची ड्युटी.

"ष्टोअर," जोतिबा एवढंच म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं पुटपुटले, "मला सांगाया काय झालं हुतं त्याला?"

राहीबाईंनी नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. "तुमाला?" त्या म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं त्याच दिवशी घरात गोड बातमी सांगितली. नवऱ्याला मात्र ती फोनवर सांगायला तयार होईना. मेसेजवर तर नाहीच. समोर बसून सांगीन, म्हणाली.

महिन्याभरानं पलटणीजवळच्या इस्पितळातून वीरधवलला पुण्याच्या लष्करी इस्पितळात पाठवलं. जोतिबा सुनेला घेऊन गेले आणि कागदपत्रांची माहिती असलेला माणूस बरोबर असावा म्हणून भाऊसोंनाही नेलं. वीरधवल आवारातल्या बाकावर बसला होता, थोडा वाळलेला. बापाच्या पाया पडला. जोतिबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलग्याच्या तोंडाकडं न बघताच भाऊसोंना म्हणाले, "चल, आपुन च्या बगू कुटं मिळतोय का."

दोघं म्हातारे कँटीनच्या पायरीवर उभे राहिले. तिथून बाकावरचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. ती एक वाक्य बोलली. त्यानं मान हलवली नाही, हं म्हणाला नाही. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, आणि बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. जोतिबांनी चहाचे पेले हातात धरले होते ते तसेच निवत गेले.

थोड्या वेळानं वीरधवलनं हात उंचावून बोलावलं. दोघं जवळ गेले. त्याचे डोळे लाल होते, पण तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

"काका, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणते ही. माझी किती रजा उरली?"

भाऊसोंना हिशेब करायला वेळ लागला नाही. "साठातली तीस घेतलीस. अकरा कापले. एकोणीस."

"एकोणीस." त्यानं बायकोकडं बघितलं. "पुरतील का गं?"

"पुरवायच्या," प्रियदर्शनी म्हणाली. "आणि विसाव्या दिवशी तुमी घरात दिसलात तर मी सवता सुभेदारसाहेबांना फोन करीन."

जोतिबा भलतीकडंच बघायला लागले, हसू लपवायला. भाऊसोंनी बाकावर बसून पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर फाईल धरली आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.

"बोल," ते म्हणाले. "कारण काय लिहू?"